अण्णासो सरांची बाटली

व्ही. के. सरांच्या डोक्यावर मरण ठेवलेलं होतं आणि सर त्याच्याखाली बसून रोज निवांत डबा खायचे. कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात ते रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. नाव डॉ. विजयसिंह, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना व्ही. के. सर. त्यांच्या खुर्चीमागं काचेचं कपाट होतं, कपाटाच्या वरच्या फळीवर विभागाचे संस्थापक अण्णासो सर यांचा हार घातलेला फोटो, आणि फोटोपुढं ती बाटली.

जाड काचेची, वीतभर उंचीची, आत अर्ध्यापर्यंत पिवळं काहीतरी. एकेकाळी लेबल होतं म्हणे. आता त्यावर वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा असा थर बसला होता की नखानं खरवडलं तरी अक्षर दिसायचं नाही. विभाग सुरू झाला तेव्हा अण्णासो सरांनी स्वतःच्या हातानं जे पहिल्यांदा बनवलं ते हे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. सर जाऊनही आता जमाना झाला. दर खंडेनवमीला बाटली खाली निघायची, पाटावर बसायची, तिची पूजा व्हायची आणि परत वर जायची.

आता कोल्हापुरात खंडेनवमीला काय पुजत नाहीत ते सांगा! ट्रॅक्टर पुजतात, लेथ मशीन पुजतात, जेसीबीच्या सोंडेला झेंडूची माळ घालतात. मग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेनंच काय घोडं मारलंय? तिथं तराजूला कुंकू, बर्नरला कुंकू, आणि सगळ्यांत आधी अण्णासो सरांच्या बाटलीला. ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाटायचं कारणही नव्हतं.

प्रियदर्शनीनं ती बाटली येता-जाता बघितली होती, पण कधी विचारलं नव्हतं. ती विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे आज आहे, उद्या नाही, आणि उद्या असायचं असेल तर प्रमुखांची मर्जी राखायची. पूजा तिनं एकदाही बघितली नव्हती. दसरा म्हणजे तिच्या घरी दीक्षाभूमी. विभागात झेंडू यायच्या आधीच ती आईबरोबर नागपूरच्या गाडीत बसलेली असायची.

तिची पीएच.डी. चालली होती ती रसायनशास्त्र शिकवण्यावर. विभागात सगळ्यांना ह्याची गंमत वाटायची. "काय मॅडम, रसायनं सोडून माणसांचंच पृथक्करण करायला लागलाय की!" व्ही. के. सर येता-जाता चिमटा काढायचे. तिचा प्रश्न साधा होता. पोरं परीक्षेत एखाद्या पदार्थाचे सगळे गुणधर्म धडाधडा लिहितात, पण तोच पदार्थ समोर टेबलावर ठेवला तर ओळखतात का? तर नाही ओळखत. शिवानी नावाची तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, शिरोळकडची, तुरटीवर पानभर उत्तर लिहायची. तिच्यापुढं तुरटीचा खडा ठेवला, तर ती म्हणाली, "खडीसाखर असंल मॅडम. खाऊन बघू?" तिचे वडील रोज दाढी झाल्यावर गालाला तोच खडा फिरवत होते. प्रियदर्शनी तेव्हा पोट धरून हसली.

पुढं ह्याच गोष्टीनं तिची झोप उडवली. झालं असं की जुन्या काळात इथं प्रयोग कसे शिकवायचे, हे विचारायला ती पिराजीमामांकडे बसली. पिराजीमामा म्हणजे विभागातले जुने लॅब अटेंडंट, रिटायर होऊनही रोज येणारे, अण्णासो सरांच्या हाताखाली पोरवयात लागलेले, आणि सर म्हणजे त्यांचा देव.

"मामा, अण्णासो सरांनी पहिल्यांदा काय बनवलं होतं?"

"रंग बनवलता की! पिवळाधमक. रेशमाचं फडकं बुडवून दावलंतं समद्या पोरांस्नी. हळदीनं झक मारावी त्याच्याफुडं."

"आणि बाटलीत तेच आहे?"

"त्येच. एकदा बाटली पुसताना जरासं सांडलंतं, तर माझं हात आठवडाभर पिवळं. साबण लावा, माती लावा, न्हाय गेलं. आन् सरांचा परसाद म्हणून इवलंसं जिभंला लावलं, तर..." मामांनी तोंड वेडंवाकडं केलं. "कडू! कारल्याचा बाप!"

प्रियदर्शनी हसायला लागली आणि मधेच थांबली. रेशमाला पिवळा रंग. कातडीला न जाणारा डाग. जहर कडू. ह्या तीन गोष्टी तिनं वर्गात इतक्यांदा सांगितल्या होत्या की झोपेतून उठवलं तरी म्हटल्या असत्या. पिक्रिक आम्ल. पाण्यात भिजलेलं असेल तोवर गरीब गाय. वाळलं की त्याच्यासारखा नीच पदार्थ नाही. लढाईत हेच तोफगोळ्यांत भरायचे. त्याला ठिणगी लागत नाही, नुसतं घासलं तरी पुरतं. आणि धातूला लागून राहिलं तर त्याचं जे होतं ते त्याहून तापट.

"मामा, बाटलीला झाकण कसलं आहे?" तिनं विचारलं.

"आदी बूच हुतं. सर गेल्यावर ते कुजलं. मग मीच मधाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण बसवलं, फिरकीचं. काय फिट्ट बसलंय बगा!"

व्ही. के. सर तासाला गेले होते. प्रियदर्शनी केबिनमध्ये गेली आणि कपाटाची काच न उघडता मोबाइलचा उजेड बाटलीवर धरला. आतलं पिवळं सुकून, भेगाळून काचेपासून सुटलं होतं. झाकणाच्या खाली, आट्यांमध्ये, बारीक पिवळे कण चकाकत होते. ती पाय न वाजवता मागं मागं सरकत दारापर्यंत आली.

व्ही. के. सर माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. पोरांच्या अडीअडचणीला धावायचे, शिकवायचे मन लावून. तिचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग हसले.

"पिक्रिक? असंल की. मग काय झालं? आम्ही शिकत असताना हातानं उचलायचो. तीस वर्षं शिकवतोय मॅडम मी. तुम्ही मला शिकवणार?"

"सर, ते वाळलंय. झाकणाच्या आट्यात कण आहेत. झाकण फिरवलं तर..."

"फिरवतंय कोण? आपण कुंकू लावतो, फूल वाहतो, वरनं पाणी शिंपडतो, झालं. इतक्या वर्षांत काय झालं का?"

"सर, पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवून ती हलवायला पाहिजे. पूजेत तिला हात..."

इथं सरांचा चेहरा बदलला. राग नव्हता आला. उलट एक समजूतदारपणा आला, आणि तो रागापेक्षा वाईट होता. "हे बघा मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यात पूजाबिजा चालत नाही, मला ठाऊक आहे. माझा मान आहे त्याला. तुम्हाला कुणी जबरदस्ती केलीय का? तुम्ही नागपूरला जावा खुशाल. पण सुवर्णमहोत्सवी वर्ष आहे, ह्या वर्षी असलं काही काढू नका."

प्रियदर्शनी बोलत होती रसायनशास्त्र, आणि त्यांना ऐकू येत होती तिची जात. एकाच विषयाची दोन माणसं, एकाच विभागातली, आणि मधे ही भिंत! ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांनी चहा पाजला आणि विभागाचा प्रश्न विभागातच सोडवा म्हणाले. ती घरी येऊन आईपुढं रडली. आई, ललिता, नर्स म्हणून रिटायर झालेली, रोखठोक बाई. "रडतीस कशाला? बोलत ऱ्हा. एकदा न्हाय ऐकलं तर धा वेळा सांग," ती म्हणाली.

म्हणून प्रियदर्शनी परत पिराजीमामांकडे गेली. निदान पूजा करणारा माणूस तरी आपल्या बाजूला घ्यावा, असा तिचा विचार होता. "मामा, पाणी शिंपडताना बाटली हलते का?" तिनं विचारलं.

"आता मी वरनंच शिपडतो. सर व्हते तवा बूच काढून पाणी आतच घालायचे की. पिवळं बुडंस्तवर. दर खंडेनवमीला, न चुकता. लई भक्तीनं. मला म्हणायचे, पिराजी, हिला तहानेली ठेवायची न्हाय. सर गेले, मग म्हटलं आपल्या हातानं कशाला उघडायचं देवाचं? म्हणून वरनं शिपडाय लागलो."

पूजा नव्हतीच ती! तो शहाणा माणूस दरवर्षी एक दिवस ठरवून पिक्रिक ओलं ठेवत होता. खंडेनवमी त्यानं एवढ्याचसाठी धरली असणार, की त्या दिवसाचा कुणाला विसर पडत नाही. सर गेले, पाणी आतलं बाहेर आलं, आणि भक्ती तेवढी वाढत गेली. पोरं गुणधर्म पाठ करतात आणि खडा ओळखत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण एक अख्खा विभागच तसा असू शकतो, हे तिनं कधी धरलं नव्हतं.

तिला वाटलं, सापडली किल्ली. आता सरांना पूजा सोडायला सांगायची गरजच नाही, उलट अण्णासो सरांचंच नाव घेऊन सांगता येईल. ती तडक केबिनमध्ये गेली आणि मामांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. व्ही. के. सर ऐकत गेले आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले.

"म्हणजे पूजा अपुरी होत होती!" ते उठूनच उभे राहिले. "अहो मॅडम, एवढी मोठी गोष्ट, आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही! पन्नासावं वर्ष आहे. ह्या खंडेनवमीला मी स्वतः झाकण काढणार आणि सरांसारखं आत पाणी घालणार. पोरांच्या समोर."

"नाही सर! झाकण फिरवायचंच नाहीये, मी तेच सांगतेय..."

"तुम्हीच म्हणताय ना ओलं ठेवलं की धोका नाही? मग ओलं करतोय की! आता तरी खुश व्हा."

काय म्हणावं ह्याला? तिनं खूप सांगितलं. आता ओलं करायची वेळ गेली, झाकणातच मेख आहे, हात लावणाराच जाईल. सरांनी मान डोलावली, हसले आणि फोन घेतला. ऐकणाऱ्यानं हवं तेवढं ऐकलं होतं. झाकण इतकी वर्षं कुणी फिरवलं नव्हतं म्हणून सगळे जिवंत होते, आणि आता ते फिरवायची बुद्धी तिनंच दिली होती. कपाळ तिचं!

नवरात्र बसलं. गावात रोषणाई झाली, देवळाकडचे रस्ते माणसांनी भरले. प्रियदर्शनीला आरतीच्या घंटा ऐकू आल्या तरी छातीत धस्स व्हायचं. रोज सकाळी ती आधी व्ही. के. सरांच्या दारातून कपाटाकडे बघायची आणि मग तासाला जायची. अष्टमीला तिनं शेवटी कुणाला न विचारता पोलिसांत फोन केला. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले. "उद्या सकाळी पथक येतंय. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका," तो म्हणाला. नोकरी गेली तर गेली, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आई त्या दिवशी एकटीच नागपूरला निघाली. "तू येत न्हाईस, व्हय?" ललितानं पिशवी उचलत विचारलं. "न्हाय आई. उद्या मला तिथं थांबायला पाहिजे." आईनं तिच्याकडं जरा वेळ बघितलं, गालावरनं हात फिरवला आणि रिक्षात बसली.

नवमीला सकाळी प्रियदर्शनी लवकरच कॉलेजात पोचली, तर प्रयोगशाळेत आधीच गलका. पोरींना घरच्या पूजेला वेळेत पोचायचं होतं, म्हणून सरांनी पूजा अलीकडं घेतली होती. जरीकाठाच्या साड्या, फेटे, उदबत्तीचा धूर. टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, आणि त्यावर बाटली. कपाटातून ती उतरवली तेव्हा काही झालं नाही, हे तिचं नशीब की त्यांचं, कोण जाणे. सर रेशमी कुडत्यात. बाजूला पिराजीमामा ओला नॅपकिन घेऊन उभे, झाकण घट्ट असेल तर पकड यावी म्हणून. पाण्यानं भरलेला तांब्याही तयार होता.

तिनं खाली जाऊन पथकाला फोन लावला. गाडी निघालीय, गर्दीतून वाट काढतेय, येतोच, असं उत्तर आलं. ती धावत वर आली तर सरांचं भाषण संपत आलं होतं.

"सर, थांबा!" ती दारातूनच ओरडली. "सगळ्यांनी बाहेर व्हा. त्यात वाळलेलं पिक्रिक आम्ल आहे. झाकण फिरवलं की स्फोट होईल. पोलीस येताहेत. बाहेर व्हा!"

कुणीही हललं नाही. पोरं सरांच्या तोंडाकडे बघायला लागली. सरांच्या कपाळावर आठी आली, पण सणाचा दिवस, ते हसूनच म्हणाले, "आज मॅडम पण आल्यात पूजेला, टाळ्या वाजवा!" आणि टाळ्या वाजल्या.

"शिवानी!" प्रियदर्शनीनं पहिल्या रांगेतल्या शिवानीचा दंडच धरला. "सांग, पिक्रिक आम्लाचे गुणधर्म सांग."

शिवानी ताठ उभी राहिली. "पिवळे स्फटिक. चव कडू. रेशीम व लोकर यांना पिवळा रंग देते. कोरडे असता घर्षणाने किंवा आघाताने तीव्र स्फोट होतो. म्हणून पाण्याखाली साठवतात." एक शब्द इकडचा तिकडं नाही. आणि सांगून झाल्यावर ती तिथंच उभी राहिली, बाटलीपासून हातभर लांब, शाबासकीची वाट बघत.

"शाब्बास!" व्ही. के. सर म्हणाले. परत टाळ्या.

पिराजीमामांनी डाव्या हातानं बाटली धरली आणि उजव्या हातातला नॅपकिन झाकणावर गुंडाळला. सरांनी तांब्या उचलला. "गणपतीबाप्पा..." कुणीतरी सुरू केलं. मामांच्या मनगटाची शीर ताठ झालेली प्रियदर्शनीला दिसली.

"मामा, मी बाहेरची आहे!"

हे ती म्हणाली. म्हणाली कसली, किंचाळली. "माझी पाळी आलीय. मी बाटलीला शिवलेय. तुम्ही यायच्या आधी मी सगळ्याला हात लावलाय, पाटाला, फुलांना, सगळ्याला. विटाळ झालाय!"

हा शब्द तिच्या घरात नव्हता. तिची पहिली पाळी आली तेव्हा आईनं शिरा केला होता, वेणी घालून दिली होती आणि शाळेत पाठवलं होतं. तिच्या आज्या-पणज्यांना ह्याच एका शब्दानं पाणवठ्यावरनं हाकललं होतं, सावलीसकट. जे टाकून द्यायला तिची माणसं नागपूरला गेली, आणि आज सकाळीही तिची आई जिथं उभी होती, ते सगळं तिनं आपल्या हातानं उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं. ते धादांत खोटं होतं. आणि त्या खोलीत तिचं तेवढंच ऐकू गेलं.

पिराजीमामांचा हात झाकणावरनं सुटला. बाटली त्यांनी आपटली नाही. देवाची होती म्हणून हळूच पाटावर टेकवली, आणि त्या हळूचनंच सगळे वाचले. मग ते चार पावलं मागं गेले आणि हात धोतराला पुसायला लागले. सरांनी तांब्या खाली ठेवला. "अरारारा," ते म्हणाले. पोरं दाराकडं सरकली. मघाशी स्फोट म्हटल्यावर एक माणूस हलला नव्हता, आता बघता बघता खोली रिकामी झाली. जाता जाता कुणीतरी पुटपुटलं, "आन् ह्यांनीच हात लावायला पायजे हुता का?" ह्यांनी म्हणजे कुणी, ते सगळ्यांना कळलं.

शिवानीचा दंड अजून प्रियदर्शनीच्या हातात होता. शिवानीनं तो हळूच सोडवून घेतला, साडीचा पदर आवरून धरला आणि मॅडमच्या अंगाला लागणार नाही अशी कडेनं निघून गेली. प्रियदर्शनी एकटी त्या बाटलीसमोर उभी राहिली. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

पथक आलं. त्यातल्या अधिकाऱ्यानं बाटली बघितली आणि इमारत रिकामी करायला लावली. वाळूच्या पेटीतून, चालत्या माणसाच्या गतीनं, त्यांनी ती शहराबाहेरच्या पडक्या खाणीत नेली. तिच्या मागोमाग सर गेले, मामा गेले, पोरं मोटारसायकलींवरून गेली. सगळ्यांना लांब उभं करून पथकानं तिचा निकाल लावला. असा आवाज झाला की खाणीच्या कडेचे दगड सुटून खाली आले आणि झाडांवरचे बगळे उडून गेले. धूर निवळल्यावर अधिकारी सरांना म्हणाला, "झाकण फिरवलं असतं तर खोलीतलं कुणी राहिलं नसतं. ह्या मॅडमचे उपकार माना."

पिराजीमामा खाली बसून लहान मुलासारखे रडत होते. "इतकी वर्सं पूजली," ते म्हणत होते, "कदी हूं का चूं न्हाय. कदी फुटली न्हाय. आन् विटाळ झाला त्याच दिशी फुटली."

प्रियदर्शनीनं ते ऐकलं आणि आधी तिला कळलंच नाही. मग तिनं आजूबाजूला बघितलं. पोरं माना डोलावत होती. जिनं उभ्या उभ्या सगळे गुणधर्म म्हणून दाखवले, ती शिवानीही.

व्ही. के. सर दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मिठाई घेऊन तिच्या घरी आले. त्यांना खरंच गहिवरून आलं होतं. "मॅडम, तुम्ही लपवलं नाहीत. दुसरी कुणी असती तर लाजून गप्प बसली असती, आणि तसल्या अवस्थेत पूजा झाली असती तर हातातच फुटली असती! देवीनंच तुमच्या तोंडून बोलवलं."

"सर, ते रसायन होतं. साहेबांनी सांगितलं की तुमच्यासमोर."

"होतंच की रसायन, नाही कोण म्हणतंय? पण रसायनाला पण काहीतरी निमित्त लागतं." त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढं केला. तिनं तो घेतला. काय करणार होती?

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं, प्रात्यक्षिकं सुरू झाली. प्रियदर्शनी हजेरी घ्यायला लागली तर शिवानी नाही. तिनं दारातून बाहेर बघितलं. शिवानी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, अॅप्रन घडी करून मांडीवर ठेवलेला, पुस्तक उघडं.

"अगं, आत ये. तुझं टायट्रेशन कोण करणार?"

"आज न्हाय मॅडम," शिवानी खाली बघत म्हणाली. "चार दिवस मी भाईरच बसतो. सरांनी सांगितलंय सगळ्या मुलींना. आत अॅसिडं हाईत, गॅस हाय. कशाला रिस्क घ्यायची?"

प्रियदर्शनीनं आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "मी त्या दिवशी खोटं बोलले. ऐका सगळे. मला पाळी आलेली नव्हती. बाटलीला मी हातसुद्धा लावला नव्हता. तुम्ही मरू नये म्हणून मी खोटं बोलले."

बर्नर चालू होते, त्यांचा तेवढा आवाज येत होता. शिवानीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. मॅडम एवढ्या हुशार असून साधी गोष्ट कशी चुकतात, ह्याचं तिला खरोखर वाईट वाटत होतं.

"खोटं असतं तर फुटली असती व्हय, मॅडम?"

आत दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं आपला बर्नर बंद केला. अॅप्रन काढला, कुणाकडं न बघता दारातून बाहेर आली आणि शिवानीच्या शेजारी जाऊन बसली.